आईची संत्रा बर्फी आणि ७ किलोंचा नियम

आईच्या गुडघ्यांमुळे बँकॉक ते चियांग माई मी रेल्वेने नेलं नाही. रेल्वेला अख्खी रात्र लागते, विमानाला सव्वा तास. मिळालं त्यातलं स्वस्त तिकीट काढलं, आणि सकाळचं पहिलंच. कारण नागपूरहून निघतानाच आईने बर्डीवरून संत्रा बर्फीचे चार डबे घेतले होते, तिथल्या विहारात भिक्खूंना दान द्यायला. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. म्हणजे काहीही करून बाराच्या आत पोहोचायचं.

एक आधीच सांगते. कोलकात्याहून आम्ही सुवर्णभूमीला उतरलो होतो, पण देशातल्या देशात जाणारी स्वस्त विमानं बरीचशी डॉन म्युआंगहून सुटतात. हे दोन वेगळे विमानतळ, आणि एकाहून दुसऱ्याला जायचं तर बँकॉकच्या रहदारीतून जावं लागतं. तिकीट काढताना विमानतळाचं नाव नीट वाचा. आम्ही पहाटे चारला हॉटेल सोडलं.

गेटजवळ वजनकाटा होता. विमानात सोबत न्यायचं सामान माणशी ७ किलो, पर्ससकट. आमचं दोघींचं मिळून १६ किलोंच्या वर भरलं. आईने स्वेटर अंगात घातला, वर शाल घेतली. मी चार्जर, पॉवर बँक, गोळ्यांचा डबा सगळं जॅकेटच्या खिशांत कोंबलं. तरी काटा हटेना. गेटवरच्या मुलीने बर्फीच्या डब्यांवर बोट ठेवलं.

आई म्हणाली, "हे दानाचं आहे नं बाई, हे नाही सुटत. तुझी जीन्स काढून ठेव इथं."

मी पैसे भरले. तिच्या तिकिटाच्या निम्म्याहून जास्त गेले. हेच बॅगेचे पैसे तिकिटासोबत भरले असते तर बरेच कमी पडले असते, याची मला अजून हळहळ वाटते. त्या मुलीवर मात्र राग नाही. नियम तिकिटावर लिहिलेला होता.

विमान सुटलं तेव्हा दोन धावपट्ट्यांच्या मधोमध चक्क गोल्फचं मैदान दिसलं. आईने ते पाहिलंही नाही. डबे मांडीवर घ्यायचे होते तिला, पण ते सीटखाली ठेवायला लावले, म्हणून ती पूर्णवेळ पायाने चाचपत होती.

चियांग माईचा विमानतळ गावालाच लागून आहे. अकराच्या आधीच आम्ही 'वाट चेदी लुआंग' या बौद्ध मंदिराच्या आवारात होतो. १५४५ च्या भूकंपात वरचा भाग कोसळलेला तो विटांचा प्रचंड स्तूप बघत आई क्षणभर थांबली, मग थेट विहारात गेली. तिथले भिक्खू बाईच्या हातून थेट काही घेत नाहीत. एका म्हाताऱ्या भन्तेजींनी समोर पिवळं कापड पसरलं, त्याचं एक टोक स्वतःच्या हातात धरलं. आईने चारही डबे एकेक करून त्यावर ठेवले.

मग ते पालीत म्हणू लागले. त्यांना मराठी येत नव्हतं, आईला थाई. पण 'भवतु सब्ब मंगलं' आलं तशी आई त्यांच्यासोबत म्हणायला लागली, दीक्षाभूमीवर म्हणते त्याच चालीत. भन्तेजींनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि पुढची ओळ जरा हळू म्हटली, तिला सोबत येता यावं म्हणून.