आमची वाटचाल : डेटनजवळचं ठासणीच्या रायफलींचं वर्कशॉप

ठासणीची रायफल म्हणजे दारू-गोळी नळीच्या तोंडातून ठासायची, आणि नळीचं मागचं टोक बंद करणारं बूच म्हणजे ब्रीच प्लग. आमच्या ब्रीच प्लगची नक्कल हल्ली निम्म्या भावात घरपोच मिळते. फोटोत दोन्ही प्लग सारखेच दिसतात. हातात घेऊन 209 चा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) बसवून बघितला तर फरक कळतो, पण ऑनलाइन घेणारा हातात काय घेणार? असो. तो विषय पुढे येणारच आहे.

मी मूळचा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला. लेथ तिथं शिकलो. पुढे ओहायोत डेटनला आलो आणि एका टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यांचे साचे-हत्यारं बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये, चिकटलो. डेटन म्हणजे टूल अँड डायवाल्यांचं गाव. डिसेंबर 2008 ला शेजारच्या मोरेनचा जीएमचा (जनरल मोटर्सचा) कारखाना बंद झाला, पुढच्या वर्षी डेटनच्या एनसीआर कंपनीने आपलं बिऱ्हाड जॉर्जियाला हलवलं. छोट्या टूलरूम पटापट मिटल्या, आमचीही मिटली. लिलावात मशिनं भंगाराच्या भावात जात होती. तिथंच आमचा साउथ बेंड कंपनीचा लेथ घेतला. बेड घासलेला होता, पण हेडस्टॉकची बेअरिंग ठणठणीत. आजही चेंबरकडचं काम त्याच्यावरच होतं, सीएनसीवर नाही.

पैसे निम्मे माझे, निम्मे म्हाताऱ्याचे. म्हातारा म्हणजे त्याच टूलरूममधला माझा फोरमन. ठासणीचा नाद त्याचा. इंडियानात फ्रेंडशिप नावाचं खेडं आहे, तिथं ठासणीवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेची रेंज आहे. म्हातारा तिथं गोल गोळी आणि तिच्याभोवती गुंडाळायचा कापडी पॅच घेऊन, दुर्बिणीशिवाय उघड्या साइटवर बार टाकायचा, आणि इनलाइन (प्रायमर नळीच्या थेट मागे असलेल्या नव्या धाटणीच्या) रायफलीला नाकं मुरडायचा. तरीही आमच्या पहिल्या प्लगचे आटे त्यानंच कापले. लेथच्या फोर-जॉ चकात नळी धरून, दोन्ही टोकांना इंडिकेटर (बारीक फरक दाखवणारं घड्याळ) लावून अर्ध्या थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत आणल्याशिवाय तो टूल टेकवू देत नसे. तो गेला तेव्हा त्याच्या मुलीनं त्याचा इंडिकेटर मला दिला.

पहिली वर्षं हरणाच्या शिकारीवर चालली. ओहायोत तेव्हा बंदुकीच्या हंगामात शॉटगन नाहीतर ठासणीची रायफल, काडतुसाच्या रायफलीला बंदी. त्यामुळे लांबचा नेम हवा असलेला प्रत्येक जण आमच्याकडे. मग 2014 ला राज्यानं सरळ भिंतीच्या (तोंडाकडे निमुळत्या न होणाऱ्या) काडतुसांच्या रायफलींना परवानगी दिली. झालं! ज्याला ठासायचा कंटाळा होता तो काडतुसाकडे गेला, आणि कंटाळा बहुतेकांना होता. त्या वर्षी शरद ऋतूत फोन वाजायचा तो ऑर्डर रद्द करायला. बायकोच्या पगारावर घर चाललं, दुकानाचं भाडं दागिन्यांवर. नातेवाईक म्हणाले, अॅमेझॉनच्या गोदामात लाग. मी हायड्रॉलिकचे फिटिंग कातत बसलो, पण रायफलीचा फेडरल परवाना सोडला नाही. रेमिंग्टन 700 या काडतुसाच्या रायफलीच्या अॅक्शनवर (बोल्टच्या सांगाड्यावर) बांधायचं तर तो लागतोच.

आम्हाला तारलं मास्तरनी. हायस्कूलला केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेला माणूस, म्हणून मी मास्तर म्हणतो. त्यालाही आता हाक कळते. त्याला हरण नको होतं. त्याला 500 यार्डांवर स्टीलची पाटी वाजवायची होती, ठासणीच्या रायफलीनं, वर दुर्बीण लावून. .50 इंची नळी आणि सॅबोट (बारीक गोळीभोवतीचं प्लास्टिकचं वेष्टन) सोडून .45 वर आलो, गोळी फिरवणारा नळीतला पीळ 28 इंचांत एक होता तो 20 इंचांवर आणला, कारण लांब गोळी स्थिर राहायला जास्त पीळ लागतो. गोळी नळीच्या मापाची हवी, म्हणून गोळी मापात दाबून आणणारा सायझिंग डाय त्याच नळीसाठी कातला. ठासायचा गज दोन बोटांच्या जोरानं खाली जायला हवा: सैल असेल तर गोळी दारूवरून सरकते, घट्ट असेल तर ठासताना तिचं नाक चेपतं.

दुर्बिणीचं म्हणाल तर बेसचे 6-48 चे बारीक स्क्रू काढून 8-40 टाकले. खाली 20 एमओए (कोनाचं माप, एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) उताराची रेल, नाहीतर दुर्बिणीचा नेम उचलायचं बटण, टरेट, संपतं आणि गोळी अजून खालीच. गोळ्यांच्या वेगातला फरक 100 यार्डांना दिसत नाही. 500 ला मात्र सगळे बार एका उभ्या रेषेत ओळीनं लागतात, वारा नसला तरी. तिथं प्लगचं छिद्र कामाला येतं, प्रायमरची आग दारूपर्यंत नेणारं. ते 30 थाऊच्या आसपास असतं. गरम गॅसनं झिजून मोठं झालं की वेग हलायला लागतो. म्हणून आमच्या प्लगमध्ये बदलता येणारा लायनर, म्हणजे छिद्राचा वेगळा तुकडा, आहे. मास्तर प्रत्येक बार वहीत लिहायचा. त्याच्या वहीवरूनच लायनर कधी बदलायचा ते ठरलं. 2024 ला आमच्या राधानगरीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला 50 मीटरमध्ये रायफलीत कांस्य घेतलं तेव्हा मी मास्तरला व्हिडिओ दाखवला. दुर्बीण नाही म्हटल्यावर दोन मिनिटं गप्प बसला.

मास्तरच्या पाट्या वाजायला लागल्या तसे त्याच्या रेंजवरचे बाकीचेही आले. आणि त्यांच्यामागून तो आला. नाव घेत नाही. आमचाच माल विकायचा, चहाला घरी यायचा, हिनं केलेले पोहे मागून खायचा. 'शोकेसला हवेत' म्हणून वेगवेगळ्या नळ्यांचे प्लग घेऊन गेला, पुढच्या हंगामात त्याच्या नावानं तेच प्लग बाजारात! लायनरच्या मागच्या खाचेसकट. ती खाच आमच्या लेथच्या टूलपोस्टला अडचण होती म्हणून पडलेली, तिचा दुसरा काही उपयोग नाही. त्यानं तीही उतरवली. प्रायमरची बैठक मात्र उतरवता आली नाही. ती ढिली, म्हणून गॅस मागे येतो, रायफलीचा बोल्ट (मागची खिटी) काळा आणि दुर्बिणीची मागची काचही काळी. वकील म्हणाला, पेटंट घेतलं नव्हतं, आता खर्च वाया. पेटंटच्या फीएवढे पैसे तेव्हा होते कुणाकडे!

मधली वर्षं बरी गेली. 2020-21 ला 209 चे प्रायमर बाजारातून गायब झाले तेव्हा मास्तरनं आपल्यातले काढून दिले, म्हणून टेस्टिंग थांबलं नाही.

नवीन पोरं विचारतात म्हणून सांगतो, नसतील विचारत तरी सांगतो. दारू मापानं नाही, वजनानं घ्या. ब्लॅकहॉर्न 209 ही दारू मापानं 100 ग्रेन म्हणजे वजनाला साधारण 70. तराजूवर 100 टाकाल तर कपाळमोक्ष. काळ्या दारूच्या रायफलीत बिनधुराची दारू कधीच नाही, कोणी काहीही सांगो. गजावर खूण करा, नळी रिकामी आहे की ठासलेली ते खुणेवरून कळतं. आणि रायफल आमच्याकडे पाठवण्याआधी ती खूण बघा. ठासलेली रायफल कुरियरनं आलेली आहे आमच्याकडे!

हल्ली एक नवीन फोन येतो: 'तो स्वस्तातला प्लग घेतलाय, गॅस मारतो, बैठक घट्ट करून द्याल का?' देतो. आमच्या प्लगचं काम असेल तर फुकट, त्याच्या प्लगला नव्या प्लगचा भाव.