‘हा विषय आपल्यात नको’

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्तींना, आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातची पाळी, चार तास. त्या आत, आम्ही नातेवाईक बाहेरच्या लोखंडी बाकांवर. मध्येच बीपी पडला तर नर्स हाक मारते, त्यामुळं लांब कुठं जाताही येत नाही. कुणाला टाळायचं असेल तर याच्याइतकी अडचणीची जागा दुसरी नाही.

त्याच पाळीला काकी यायच्या. त्यांचे मालक आमच्या आधी दोन वर्षांपासून डायलिसिसवर. पहिल्या दिवशी मी महात्मा फुले योजनेचे कागद घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत होते, रडायच्याच बेतात. काकींनी हाताला धरून नेलं, रेशनकार्ड कुठं दाखवायचं, सही कुणाची घ्यायची, सगळं करून दिलं. फिस्टुलाच्या, म्हणजे मशीनच्या सुया टोचायला ऑपरेशन करून शिरा जोडलेल्या, हाताचा बीपी बघू द्यायचा नाही, त्या हातानं पिशवी उचलायची नाही, पाणी मोजून प्यायचं, आणि कुणी प्रेमानं शहाळं आणलं तर ते आपणच पिऊन टाकायचं, हे मला डॉक्टरांच्या आधी काकींनी सांगितलं. डब्यातली अर्धी भाकरी रोज माझ्यापुढं असायची.

तिसऱ्या आठवड्यात प्रभू आले.

सुरुवात अगदी हळू. “वैनी, मी तुमच्या आत्तींसाठी रोज प्रार्थना करतो.” (आमच्याकडं बायकाही ‘करतो’च म्हणतात.) मला बरं वाटलं. कोण कुणासाठी एवढं करतं? मग एक छोटी पुस्तिका आली. मग काकींची साक्ष: आधी घरात काय काय होतं, देवऋषी किती झाले, कर्ज किती झालं, आणि एका उपास-प्रार्थनेला गेल्यावर मनाला शांती कशी मिळाली. ती मी मनापासून ऐकली. खरी होती ती. पण मग ती दर बुधवारी ऐकावी लागली.

पुढं पुढं कुठलाही विषय तिकडंच वळायला लागला. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून गेलं, आमची गल्ली 43 च्या धोका पातळीच्या धास्तीत सामान वर चढवत होती. मी तेच सांगत होते, तर काकी म्हणाल्या, “नोहाच्या वक्ताला पण लोकांनी ऐकलं न्हवतं, वैनी.” मुलाचं दहावीचं टेन्शन सांगितलं, प्रभू. गॅस महाग झाला, प्रभू. हळूहळू मी काही सांगेनाशीच झाले. चीड येशूची नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. माझं दुखणं मी बोलून दाखवलं की ते समोरच्याला दार उघडं दिसल्यासारखं वाटतंय, याची चीड होती.

मी पहिली चूक केली ती ‘हो हो’ म्हणण्याची. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून आपण मान हलवतो, तशी मी हलवली. एका रविवारी अनोळखी नंबरवरून फोन. त्यांच्या मंडळीचे पास्टर बोलत होते. “ताई, तुमचं मन प्रभूकडं ओढलं जातंय असं समजलं.” संध्याकाळपर्यंत मला एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलेलंही होतं. रोज पहाटे पाच वाजता वचन. नवऱ्यानं मोबाईल बघितला आणि काही न बोलता चहा प्यायला. ते न बोलणं जास्त बोचलं.

दुसरी चूक याहून वाईट. एका सोमवारी, आत्तींच्या सुया दोनदा चुकलेल्या, मी रात्रभर जागी, आणि काकी म्हणाल्या, विश्वास असला की सगळं बरं होतं. मी फाडकन बोलले, “मग काका अजून मशीनवर का?” काकी गप्प झाल्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. घरी जाताना रिक्षात मला माझीच लाज वाटली, आणि गंमत म्हणजे उपयोगही काही झाला नाही. शुक्रवारी त्या माझ्या रागासाठी प्रार्थना करून आल्या होत्या.

बाकावरच्या एका भाऊंना हे सगळं दिसत होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं. “सांगा फक्त. आपली पोरं आहेत, एका फोनवर येतील. पुन्हा नाव काढायची नाही ती बाई.” मला घाम फुटला. कोल्हापुरात अशा फोनचं पुढं काय होतं ते सांगायला नको. काकांची पाळी, योजनेचे कागद, त्यांचं एस्टीनं येणं-जाणं, सगळं त्या एका फोनमध्ये गेलं असतं. मला फक्त बोलणं थांबवायचं होतं, माणूस नाही. भाऊंना म्हटलं, आमचं आम्ही बघतो. माझा भाऊ वकिली करतो, त्याला विचारलं तर म्हणाला, घटनेच्या कलम 25 नं तिला धर्म सांगायचाही हक्क आहे. 1977 मध्ये सुप्रीम कोर्टानं एवढं स्पष्ट केलं, की आपली तत्त्वं सांगणं हा हक्क, दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा हक्क नव्हे. “आणि ‘मला ऐकायचं नाही’ म्हणायला तुला कुठलं कलम लागत नाही,” हे त्यानं वर ऐकवलं.

ते म्हणायचं कसं, हे मला ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं शिकवलं. तिचं घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. 1852 साली वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं चर्च अजून इथं आहे, तिकडं तिचे पणजोबा जायचे. नाताळात तिच्या घरच्या करंज्या आमच्याकडं येतात, गणपतीत आमचे मोदक तिच्याकडं जातात. वीस वर्षांत तिनं मला एकदाही चर्चला चल म्हटलेलं नाही. मी भीत भीत काकींचं सांगितलं, तर ती इतकी हसली की चहा सांडला. “अगं, मला पण विचारतात ते! ‘ताई, तुमचं तारण झालंय का?’ म्हणून. आमचा बाप्तिस्मा त्यांच्या हिशोबात धरतच नाहीत.”

मग तिनं तीन गोष्टी सांगितल्या. वाद घालू नको, वाद म्हणजे त्यांना चर्चा वाटते. सबब सांगू नको. ‘वेळ नाही’ म्हटलंस तर वेळ काढतील, ‘घरचे चिडतात’ म्हटलंस तर घरच्यांसाठी प्रार्थना करतील. आणि माणसाला नाही म्हणू नको, विषयाला म्हण. मी म्हटलं, आमचे एक चुलत दीरही महाराजांच्या पारायणासाठी असेच मागं लागतात, आणि एक मावसबहीण साखळीतली पावडर विकते. “मग त्यांच्यावर सराव कर की,” ती म्हणाली. खरंच केला. दिरांना म्हटलं, भावजी, हा विषय आपल्यात नको. ते महिनाभर रुसले. म्हणजे वाक्य चालत होतं.

तरी काकींना म्हणायचं धाडस होत नव्हतं. भाकरी खाल्लेली होती ना.

ते झालं आत्तींमुळं. आत्ती जोतिबाच्या भक्त. एकदा मी औषधं आणायला गेले असताना काकी आत जाऊन त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून आल्या. मी हबकले. आत्तींना काहीच वाटलं नव्हतं. “केली तर केली. मी तिला सांगितलं, कर बाई, पण माझ्या जोतिबाचं नाव मधी घेऊ नको.” इथवर ठीक होतं. पण पुढच्या शुक्रवारी पहाटे आत्ती अंथरुणातून उठेनात. “आज नको. त्या बाईनं सांगितलं, एकाचं मशीन प्रार्थनेनं सुटलं.” पाय सुजलेले, बुधवारपासून लघवी जवळजवळ नाही. एक पाळी चुकली की अंगात पाणी साठतं, ते फुप्फुसात उतरतं, पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. हे मला पाठ होतं, कारण ते काकींनीच शिकवलं होतं. हातापाया पडून आत्तींना नेलं.

त्यांना आत घेतल्यावर मी काकींना समोरच्या टपरीवर नेलं. दोन कट सांगितले. माझे हात थरथरत होते.

“काकी, दोन वर्षांत काकांची पाळी कधी चुकवलासा?”

“न्हाई. एकदा पण न्हाई.”

“पूर आला तेव्हा?”

“आदल्या दिवशीच येऊन हितं झोपलो होतो की आम्ही.”

“मग आत्तींना असं का सांगितलासा?”

त्या खूप वेळ ग्लासाकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, मशीन सोडा असं म्हटलं नव्हतं, धीर यावा म्हणून सांगितलं. मला ते खरंच वाटलं. मी म्हटलं, “धीर दिलासा, भाकरी दिलासा, मी विसरणार नाही. तुमची प्रार्थना तुमच्या घरी करा, माझी ना नाही. पण आत्तींना हात लावायचा तर आधी मला विचारायचं. आणि मला प्रभूचं सांगायचं नाही. हा विषय आपल्यात नको. बाकी सगळं बोलूया.”

“राग आला व्हय?”

“आला होता. आता नाही.”

ग्रुपमधून मी त्यांच्यासमोरच बाहेर पडले. चहाचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत.

एका दिवसात काही सुटलं नाही. पुढच्या दोन महिन्यांत तीन-चारदा गाडी तिकडं वळलीच. मी दर वेळी तेच वाक्य, त्याच आवाजात म्हणायची, आणि लगेच दुसरं काहीतरी विचारायची, काकांचं हिमोग्लोबिन किती आलं वगैरे. एकदा तर त्यांनी “प्रभू” म्हणून जीभ चावली आणि आम्ही दोघी हसलो. आणि एक झालं. बोलायला विषय कुठला, म्हणून काकी स्वतःबद्दल बोलायला लागल्या. माहेरची तंबाखूची शेती, पळून गेलेला दीर, मुलगी नांदत नाही ते. साक्षीत यातलं काहीच नव्हतं.

चैत्र यात्रेनंतरचा सोमवार. नवरा डोंगरावर जाऊन आला होता, घरभर गुलाल. आत्तींना खोबरं चालत नाही, पोटॅशियम, म्हणून मी प्रसादाची पुडी बाकावर सगळ्यांना वाटत सुटले. सवयीनं हात काकींपुढंही गेला. “घ्या, जोतिबाचा आहे.”

काकींनी हात मागं घेतला. माझ्याकडं बघितलं, आणि ओठाच्या कोपऱ्यात हसू दाबत म्हणाल्या, “वैनी, हा विषय आपल्यात नको म्हटलं होतासा न्हवं?”

मी पुडी पर्समध्ये टाकली आणि दोन कट सांगायला उठले.