जोडाशेजारचा गंज हार्डनेस टेस्टमध्ये दिसत नाही

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत कुठल्याही बंदरावरचं स्टेनलेसचं रेलिंग बघा, तांबूस डाग वेल्डिंगच्या जोडाच्या शेजारी जास्त. अशा कामाला कोणी हार्डनेसचा (कडकपणाचा) रिपोर्ट जोडला तर तो बाजूला ठेवावा.

रेलिंगला लागणारे ३०४ आणि ३१६ हे स्टेनलेसचे प्रकार म्हणजे ऑस्टेनाइट नावाच्या रचनेची स्टीलं. तापवून गार केल्याने ती कडक होत नाहीत. अनील केलेला (तापवून मऊ केलेला) पत्रा साधारण १६० ते १८० विकर्स (कडकपणाचं माप) भरतो, वेल्डही त्याच्या आसपासच. अँपिअर वाढवले की धातूच्या आतला दाणा जाड होतो, आकडा थोडा उतरतो, एवढंच. अपवाद ओढून कडक केलेल्या शाफ्टचा. तो २५०च्या वर असेल तर जोडाशेजारी तापून मऊ पडतो, आणि तो कडकपणा नंतर उष्णता देऊन परत येत नाही. होडीचा शाफ्ट वेल्डिंगने सांधणं म्हणूनच धोक्याचं.

गंजाच्या बाबतीत खरा फरक पडतो तो उष्णतेने. जोडाच्या दर मिलिमीटरला जाणारी उष्णता म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले ६०, भागिले मिनिटाला जाणारे मिलिमीटर गुणिले १०००. टिगवर (आर्गॉन वायूच्या आडोशात करायच्या वेल्डिंगवर) १२ व्होल्ट, ९५ अँपिअर, मिनिटाला १२० मिमी धरले तर ०.५७ किलोज्यूल प्रति मिमी. १३ व्होल्ट, १४० अँपिअर आणि रेंगाळत ९० मिमी, की तेच १.२ होतं. अशा वेळी जोडापासून काही मिलिमीटरवरचा पट्टा ४२५ ते ८५० अंशांत जास्त वेळ राहतो. तिथे क्रोमियम कार्बनशी जुळून दाण्यांच्या कडेला कार्बाइड होऊन बसतं, लगतच्या भागात क्रोमियम कमी पडतं, आणि खारी हवा नेमकी तिथून पोखरते.

मात्र २ मिमीच्या पाइपात हे क्वचितच घडतं, तो लवकर निवतो. तिथे डाग येतो तो वेल्डिंगच्या तापाने आलेला निळा-काळा थर न काढल्यामुळे, नाहीतर लोखंडाचा तारब्रश फिरवल्यामुळे. ब्रश स्टेनलेसचाच हवा. हा थर काढायच्या पिकलिंग पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा सोडू नका.

कार्बाइडची भीती ६ मिमी आणि त्यावरच्या, अनेक पास (वेल्डचे एकावर एक थर) लागणाऱ्या कामात. तिथे माल कमी कार्बनचा ३०४एल (कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंत) आणि वायर ३०८एल घ्या, ३१६एलला ३१६एल. पुढचा पास घेण्याआधी जोड १५० अंशांखाली येऊ द्या. पाण्याने निववलं तरी चालतं, पण गोड्या. वेल्डला चुंबक किंचित चिकटला म्हणून माल नकली ठरत नाही. त्यात थोडा डेल्टा फेराइट (चुंबकाला चिकटणारी रचना) मुद्दाम ठेवलेला असतो, गरम असताना तडा जाऊ नये म्हणून.

उघड्यावर वाऱ्याला आडोसा करा. आर्गॉन मिनिटाला १० लिटरवरून २० केला तर झोत घुसळून उलट हवाच आत ओढतो.

शंका असेल तर नमुना कापून पॉलिश करा, १० टक्के ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये चौरस सेंटिमीटरला १ अँपिअर वीज दीड मिनिट द्या. सूक्ष्मदर्शकाखाली दाण्याभोवती सलग चर दिसले तर कार्बाइडचा संशय पक्का धरा आणि पुढची गंजचाचणी करून घ्या.