मंग त्या पोऱ्यानं काय जायं? : एका अमेरिकी विद्यापीठाची शिस्तव्यवस्था तपासताना

अमळनेरच्या घरी जानेवारीत पोहोचले की भरीत ठरलेलेच असते. यंदा भाजलेल्या वांग्यांची साले काढत मोठी माय आणि मी ओसरीवर बसलो होतो आणि समोरच्या खुर्चीवर बसून मोठे बाबा माझ्या नोकरीची विचारपूस करत होते. त्यांनी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवले, बारावीच्या परीक्षेला केंद्रसंचालक म्हणून काम केले, काही वर्षे भरारी पथकाबरोबर तालुकाभर फिरले. त्यामुळे ‘तुमच्याकडे कॉपी केस झाली तर पुढे काय होते’ हा त्यांचा प्रश्न मला नवा नव्हता. या वेळी मात्र माझ्याजवळ सांगण्यासारखे बरेच होते. मध्य-पश्चिम अमेरिकेतील ज्या सरकारी विद्यापीठात मी काम करते, त्याने गेल्या वर्षी आपल्या विद्यार्थी-शिस्त आणि शैक्षणिक सचोटी विभागाचे मूल्यमापन केले आणि त्या समितीत मीही होते. त्या रात्रीचे बोलणे येथे थोडे विस्ताराने लिहिते आहे. प्रकरणांचे तपशील ओळख पटणार नाही असे बदलले आहेत. विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवण्याचा तिथला कायदा १९७४ चा आहे आणि आम्हा सदस्यांनाही फायली नावे झाकूनच मिळाल्या होत्या.

आपल्याकडे गैरप्रकार म्हटले की परीक्षा विभाग आणि १९८२ चा महाराष्ट्राचा परीक्षा-गैरप्रकार प्रतिबंधक कायदा आठवतो. तिथे या कामासाठी स्वतंत्र कार्यालय असते. वसतिगृहातील दारू, भांडणे, मोडतोड यांपासून दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून देणे, परीक्षेत नक्कल करणे, गृहपाठ पैसे देऊन लिहून घेणे इथपर्यंत सगळे त्याच्याकडे येते. प्राध्यापकाने तक्रार नोंदवली की विद्यार्थ्याला लेखी सूचना जाते, अधिकाऱ्याशी भेट होते, आरोप मान्य नसेल तर प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्या मंडळासमोर सुनावणी होते आणि तिच्यावर अपील करता येते. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा तिथे लागत नाही. तराजूचे पारडे ज्या बाजूला थोडेसे का होईना झुकेल, तो निर्णय. पण बाजू ऐकल्याशिवाय सरकारी विद्यापीठाला कोणाला काढता येत नाही, आणि याचे मूळ १९६१ च्या डिक्सन खटल्यात आहे. त्याच्या आदल्या वर्षी अलाबामातील माँटगोमेरी येथे, गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जेवण मागायला बसलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना त्यांच्या सरकारी महाविद्यालयाने कसलीही सुनावणी न घेता काढून टाकले होते. सूचना आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय असे करता येणार नाही, असा निर्णय अपील न्यायालयाने दिला.

मूल्यमापनासाठी आम्ही ‘कॅस’ या परिषदेची मानके वापरली. उच्च शिक्षणातील विद्यार्थी-सेवांची मानके ठरवणारी ही परिषद १९७९ मध्ये स्थापन झाली आणि शिस्त विभागासाठीही तिची स्वयंमूल्यमापनाची पद्धत आहे. प्रत्येक मानकापुढे गुण द्यायचे असतात. मात्र गुणाला पुरावा जोडावा लागतो आणि ‘आम्ही निष्पक्ष आहोत’ असे कार्यालयाने म्हणणे हा पुरावा धरत नाहीत. आम्ही फायली वाचल्या, नियमपुस्तिका चाळली, प्राध्यापकांशी आणि शिक्षा भोगलेल्या विद्यार्थ्यांशी बोललो. शेवटी बाहेरच्या विद्यापीठांतून दोन परीक्षक येऊन दोन दिवस राहिले.

मोठ्या बाबांनी पहिला प्रश्न आकड्याचा विचारला: ‘केसेस वाढल्या की कमी झाल्या?’ आमच्या कुलगुरूंच्या कार्यालयानेही नेमके हेच विचारले होते. या आकड्यावर मी आता विश्वास ठेवत नाही. प्रकरणे वाढली याचा अर्थ नक्कल वाढली असा होऊ शकतो, आणि जे प्राध्यापक पूर्वी परस्पर शून्य गुण देऊन मोकळे होत होते ते आता तक्रार नोंदवू लागले असाही होऊ शकतो. दुसरा अर्थ खरा असेल तर ती वाढ चांगली आहे, कारण परस्पर दिलेल्या शून्याची कुठे नोंद नसते, त्यावर अपील नसते आणि तोच विद्यार्थी तीन वर्गांत तीनदा तसाच वागला तरी कोणाला कळत नाही. अनेक प्राध्यापकांनी आम्हाला सांगितले की फॉर्म लांबलचक आहे आणि निकालाची वाट पाहण्यात सत्र संपून जाते. तक्रारीपासून निर्णयापर्यंत किती दिवस लागले हे आम्ही फाईलगणिक मोजले. मूल्यमापनात सगळ्यांत उपयोगी ठरलेला आकडा हाच.

फायली वाचताना एक गोष्ट मला दिसली आणि ती अजून मनातून जात नाही. विद्यार्थ्यांना गेलेल्या पहिल्या ईमेलवर दिवस आणि वेळ छापलेली होती आणि पानामागून पान शुक्रवार, दुपारी साडेचारनंतर. कारण साधे होते: कारकून आठवडाभराची पत्रे एकत्र करून सुटीपूर्वी पाठवत असे. पत्राच्या पहिल्या परिच्छेदात तीन कलमांचे क्रमांक, दुसऱ्यात ‘निलंबन किंवा निष्कासन’ हे शब्द आणि भेटीची वेळ कशी घ्यायची ते दुसऱ्या पानाच्या तळाशी. एकोणीस वर्षांचा मुलगा ते वाचून फोन लावणार तर कार्यालय सोमवारपर्यंत बंद. आमच्याशी बोललेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना निकाल फारसा आठवत नव्हता, त्यांनाही ते दोन दिवस आठवत होते. आता गुरुवारी दुपारनंतर पत्र जात नाही आणि ‘हा निर्णय नव्हे, आम्हाला तुमचे म्हणणे ऐकायचे आहे’ हे वाक्य सर्वांत वर आहे. अहवालातील मोठ्या शिफारशींपेक्षा मला हा बदल जास्त मोलाचा वाटतो.

मोठ्या बाबांचे मत कडक शिक्षेकडे झुकणारे होते. मी त्यांना व्हर्जिनिया विद्यापीठाचे उदाहरण दिले. तिथली विद्यार्थ्यांनीच चालवलेली सचोटी-पद्धत १८४२ पासून आहे आणि दीर्घकाळ तिच्यात शिक्षा एकच होती, कायमची हकालपट्टी. एका चुकीसाठी सोबत्याचे सगळे शिक्षण संपवायचे म्हटल्यावर लोक तक्रारच करत नाहीत, हा तिच्यावरचा मोठा आक्षेप होता. २०२२ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान करून ती शिक्षा दोन सत्रांच्या सक्तीच्या रजेवर आणली. रटगर्स विद्यापीठाचे डोनाल्ड मॅककेब यांनी ३१ संस्थांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी करून सहकाऱ्यासह १९९३ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत नक्कल करण्याशी सर्वांत घट्ट संबंध आढळला तो आजूबाजूचे सोबती काय करतात या समजाशी. हे ऐकून मोठे बाबा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की ज्या केंद्रावर खिडकीखाली गर्दी असायची, तिथला हुशार मुलगाही चिठ्ठी घेऊन यायचा.

मग मी एका परदेशी विद्यार्थ्याची फाईल सांगितली. कोणत्या देशाचा ते झाकलेले होते, पण त्याच्या बोलण्याची धाटणी मला आपल्या घरातली वाटली. प्रोग्रॅमिंगचा गृहपाठ त्याने आणि खोलीतल्या मित्राने एकत्र बसून सोडवला होता. दोघांचा कोड जवळजवळ सारखा. आपल्याकडे एकाची वही वर्गभर फिरते आणि त्यात कोणाला पाप वाटत नाही. तिथे परवानगी नसताना असे एकत्र काम करणे हा गुन्हा आहे आणि ते पहिल्याच आठवड्यात मिळालेल्या बारा पानी कागदात लिहिलेले होते. अधिकाऱ्यांसमोर बसताच तो म्हणाला, ‘सॉरी सर, माझी चूक झाली.’ मोठ्या माणसापुढे वाद घालू नये म्हणून आपली मुले हे वाक्य बोलतात, चूक नक्की कोणती हे कळण्याआधीच बोलतात. नोंदीत लिहिले गेले: ‘आरोप मान्य.’ त्यामुळे सुनावणी झालीच नाही आणि अपीलाचा मार्गही अरुंद झाला. अशा आणखी फायली सापडल्यावर आम्ही अशी शिफारस केली की क्षमा मागणे आणि आरोप मान्य करणे यांची नोंद वेगळी व्हावी आणि मान्यता लेखी, एक दिवसाचा अवधी देऊन घ्यावी. ही शिफारस मी स्वतः मांडली आणि तिच्यासाठी भांडले.

इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशांना दुसराही धोका आहे. मजकूर यंत्राने लिहिला आहे का हे ओळखण्याचा दावा करणाऱ्या सात प्रणाली २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तपासल्या, तेव्हा टोफेल परीक्षेसाठी परभाषकांनी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक त्यांनी यंत्राचे ठरवले. साधी वाक्ये आणि मर्यादित शब्दसंग्रह हीच या प्रणालींना यंत्राची खूण वाटते, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाचे इंग्रजी बहुधा तसेच असते. केवळ अशा अहवालावर कोणतेही प्रकरण उभे राहू नये, हे आमच्या समितीत एकमताने ठरले.

इतका वेळ मोठी माय काहीच बोलली नव्हती. शेवटच्या वांग्याचे देठ खुडत तिने अहिराणीत विचारले, ‘मंग त्या पोऱ्यानं काय जायं?’ म्हणजे, मग त्या पोराचे काय झाले?

मला सांगता आले नाही. फाईलचा शेवट ‘शिक्षा पूर्ण’ या दोन शब्दांनी होत होता. त्याने सचोटीचा ऑनलाइन वर्ग केला, चिंतनपर निबंध लिहून दिला आणि प्रकरण बंद झाले; तो पुढच्या सत्रात राहिला का, पास झाला का, त्या प्राध्यापकांच्या वर्गात पुन्हा गेला का, हे कार्यालयाने कधी विचारलेच नव्हते. पुन्हा तक्रार आली नाही म्हणजे सुधारणा झाली असे ते धरत; पण विद्यापीठ सोडून गेलेल्या मुलाचीही पुन्हा तक्रार येत नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हीच उणीव दाखवली होती आणि आता प्रत्येक प्रकरणानंतर एका सत्राने विद्यार्थ्याला भेटीला बोलावण्याचे ठरले आहे.

येथील एका महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी मला पुढच्या आठवड्यात याच विषयावर बोलायला बोलावले आहे. प्रबंधांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत; दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालते, दहा ते चाळीस टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे, साठच्या वर गेले तर नोंदणी रद्द. टक्केवारी मोजून देणारी प्रणाली केवळ शब्द जुळवते आणि चोरी झाली की नाही हे माणसानेच वाचून ठरवायचे असते, हे मी तिथे सांगणार आहे. आणि गेल्या पाच वर्षांच्या कॉपी केसचे रजिस्टर काढून प्रत्येक नावापुढे तो विद्यार्थी आज कुठे आहे हे लिहिण्याची विनंती करणार आहे.

जेवताना मोठ्या बाबांना पारोळ्याकडची एक मुलगी आठवली. तिच्या कंपासपेटीत त्रिकोणमितीची दोन सूत्रे लिहिलेला कागद सापडला होता आणि अहवालावर त्यांनी स्वतः सही केली होती. उरलेल्या पेपरांना ती आलीच नाही. सकाळी मी उठले तेव्हा ते चष्मा लावून जुन्या डायरीत नंबर शोधत होते आणि थोड्या वेळाने पारोळ्याच्या एका निवृत्त शिक्षकांना फोनवर त्या मुलीच्या गावाचे नाव विचारत होते.