खो-खो आणि आमचा छोटा कारखाना

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, मशिनिंग (मशिनवर कापून नेमक्या मापात आणणे) करून देणारे छोटे कारखाने पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी एक मी चालवतो. आम्हाला संघभावना शिकवणारे लोक बहुधा क्रिकेटचे दाखले देतात. मला मात्र खो-खो अधिक उपयोगाचा वाटतो, कारण क्रिकेटमध्ये एखादा फलंदाज एकट्याच्या बळावर सामना काढून देऊ शकतो. खो-खोत गडी कितीही वेगवान असला तरी नियमच त्याला तसे करू देत नाहीत.

पारंपरिक खेळात ९ जणांपैकी ८ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि एकटा पाठलाग करतो. त्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही, बसलेल्यांच्या रांगेची मधली पाटीही (पट्टा) ओलांडता येत नाही; त्यामुळे पळणारा पलीकडे सटकला की त्या बाजूला तोंड असलेल्या सोबत्याला खो देऊन आपण त्याच्या जागी बसायचे, हाच मार्ग उरतो. आमच्याकडे मात्र कोटेशन मालकच काढतो, मशिनचे सेटिंगही तोच करतो आणि वसुलीलाही तोच जातो. २०२२ साली सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगमध्ये कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा असलेला ‘वजीर’ आला, आणि आम्हा मालकांना आपण तोच आहोत असे वाटत असावे.

खरा धडा खो देण्याच्या पद्धतीत आहे. बसलेल्याच्या पाठीला हात लावायचा आणि त्याच वेळी मोठ्याने ‘खो’ म्हणायचे. नुसता स्पर्श किंवा नुसती हाक चालत नाही. पाळी बदलताना नेमके हेच हवे असते. टूल बदलला, माप वरच्या मर्यादेकडे सरकते आहे, दोन नग बाजूला काढून ठेवले आहेत, हे जॉब कार्डावर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कार्डावर, लिहिलेलेही असावे आणि मशिनपाशी उभे राहून सांगितलेलेही असावे. एकाच पाळीत मराठी आणि कन्नड बोलणारी माणसे असतात, तेथे कार्डावरच्या आकड्यांची किंमत विशेष कळते. पण मशिनचा आवाज आज वेगळा येतो आहे, हे कार्ड सांगू शकत नाही.

खो मिळण्याआधी उठणे हा फाउल आहे. तपासणी पूर्ण होण्याआधीच ग्राहकाला ‘माल निघाला’ असे कळवणारे आपल्यात कमी नाहीत.

जूनच्या अखेरीपासून खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत भाताच्या लावणीची घाई असते, आणि शेती असलेला कामगार रजा मागणारच. त्या दिवसांत सेटिंग जाणणारा एकच माणूस असेल, तर मशिन चांगले असूनही बंद राहते. म्हणून कामे कमी असतात तेव्हाच दुसऱ्याला त्या मशिनवर उभे करावे. थोडे नग वाया जातील, ते सोसावेत.

खेळाची उपमा एका ठिकाणी मात्र मी मुद्दाम सोडतो. सामन्यातला डाव काही मिनिटांत संपतो, कारखान्यातली पाळी रोजची असते. ‘आपण सगळे एक संघ’ असे म्हणून माणसांना रात्री थांबवून घ्यायचे आणि जादा तासांचा विषय टाळायचा, हा प्रकार मला मान्य नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने अशा तासांना दुप्पट दर ठरवला होता, आणि तो कोटेशन काढतानाच खर्चात धरावा लागतो.