सीए म्हणतो, नको रे बाबा

आज बाहेरच्या क्लायंटचं पेमेंट आलं एकदाचं. डिझाइनच्या कामाचे डॉलर तिकडनं पूर्ण निघाले पण इकडे येईपर्यंत मधल्या पेमेंट कंपनीने आधी फी कापली, मग रेटही गुगलवर दिसतो त्यापेक्षा कमी लावला आणि पैसे मधेच होल्डवर का टाकले होते ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. क्लायंट म्हणे यूएसडीटी हे क्रिप्टो कॉइन घे ना, ट्रॉन नावाच्या ब्लॉकचेन नेटवर्कवर पाठवतो, दोन-तीन मिनिटांत येतील. खरंय, येतात. डॉलरला बांधलेलं कॉइन, बिटकॉइनसारखं उड्या मारत नाही, शनिवार-रविवारची सुट्टी नाही.

मग सीए मित्राला फोन लावला, तो आधी हसलाच. कामाचं उत्पन्न म्हणून टॅक्स आहेच, वर ते यूएसडीटी विकताना नफा झाला तर 30 टक्के, 2022 पासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस, आणि तोटा झाला तर तो कशातच वजा नाही. त्यात एक्स्पोर्ट म्हणून जीएसटी शून्य दाखवायचा तर परकीय चलन बँकेतून आल्याचा कागद लागतो, तो कुठनं आणणार? पीटूपीवर, म्हणजे थेट माणसामाणसांतल्या व्यवहारात, अनोळखी माणसाला विकलं आणि त्याचे पैसे कुठल्या फ्रॉडमधले निघाले तर खातंच फ्रीझ, मग बसा सायबर सेलच्या चकरा मारत.

आणि इथे खाली टपरीवर दहा रुपयांच्या चहाचं यूपीआय फुकटात जातं राव!

असो, पुढच्या इनव्हॉइसला फी क्लायंटच्या माथी मारलीये. ओके म्हणालाय.