टॅकोमीटरवर काळी पट्टी: सहा आठवड्यांची नोंद

ओडोमीटर ११,४०० वर असताना मोटरसायकलच्या टॅकोमीटरवर (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा काटा) इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला. आज १२,९६० आहे. मधले दीडेक हजार किलोमीटर काटा न बघता गिअर टाकले. (दोनदा टेपचा कोपरा उचलून डोकावलो, ते पुढे कबूल करतोच.)

हे खूळ डोक्यात शिरलं कारण मला वाईट सवय लागली होती. काटा ५,००० ला टेकला की वरचा गिअर, ३,००० च्या खाली आला की खालचा. रस्ता सपाट असो, चढ असो, मागे कुणी बसलेलं असो, नियम तोच. शिवाय प्रत्येक गिअरला नजर रस्त्यावरून खाली.

पट्टी लावायच्या आधी एक संध्याकाळ कागदावर घालवली आणि ती सत्कारणी लागली. मागच्या टायरवर खडूची खूण केली, सीटवर बसून गाडी एक फेरी पुढे ढकलली आणि अंतर मोजलं: १.९७ मीटर. बसूनच मोजायचं, कारण वजनाने टायर थोडा दबतो. ताशी ६० म्हणजे मिनिटाला बरोबर १,००० मीटर, म्हणजे चाकाच्या साधारण ५०८ फेऱ्या. माझ्या गाडीचं प्रायमरी रिडक्शन (इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत फेरे जितक्या पटीने कमी होतात ते) ३, स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाकं, १५ आणि ४५ दात्यांची म्हणजे तिथेही ३. सहाव्याचा रेशो ०.९. सगळं गुणलं तर ८.१, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या तेवढ्या फेऱ्या. म्हणजे ताशी ६० ला सहाव्यात इंजिन ४,१०० वर फिरतं. पाचव्यात ४,८००, चौथ्यात ५,७००, तिसऱ्यात ७,३००.

हे चार आकडे एकाखाली एक लिहिले आणि जरा वेळ बघतच बसलो. एकच वेग, चार गिअर, आणि चारही इंजिनाला चालण्यासारखे. मग ‘साठला कुठला गिअर?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. प्रश्न असा हवा: पुढच्या चार-पाच सेकंदांत इंजिनाकडून काय काढून घ्यायचंय? नुसतं रेंगाळायचं असेल तर सहावा. ओव्हरटेक करायचं असेल तर तिसरा, फार तर चौथा.

पहिले दोन आठवडे कान तयार करण्यात गेले. माझी सिंगल सिलिंडर, फोर स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांमागे एक स्फोट. ३,००० आरपीएमला (मिनिटाला ३,००० फेरे) सेकंदाला २५ ठोके. एवढे ठोके फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) तळपायाला जवळजवळ सुटेसुटे लागतात. ६,००० ला ५० होतात आणि सगळं विरघळून एकसलग गुणगुण होते. ही सीमारेषा एकदा पायाला कळली की काट्याची निम्मी गरज संपते. हँडलपेक्षा फूटपेग जास्त खरं बोलतात, निदान माझ्या गाडीत.

तिसऱ्या आठवड्यात माती खाल्ली. चढाचं यू वळण, उजवीकडे. तिसऱ्यात शिरलो, कारण शिरताना वेग पुरेसा होता. वळणाच्या पोटात गाडी मंदावली, मी थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) आणखी पिळला, आणि वेग वाढायच्या ऐवजी खालून धाड-धाड आवाज यायला लागला. चेन हिसके देत होती. गाडी कललेली, अशात क्लच दाबून दुसरा टाकला. क्लच सोडताच मागचं चाक इंचभर सरकलं. पडलो नाही, पण पुढच्या सपाटीवर थांबून हेल्मेट काढलं.

घरी येऊन विचार केल्यावर कारण कळलं. माझ्या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ६,५०० ला आहे. त्याच्या बऱ्याच खाली असताना चढाने फेरे कमी केले की टॉर्कही कमी होतो, म्हणून फेरे आणखी पडतात, म्हणून टॉर्क आणखी कमी. इंजिन स्वतःच्या खड्ड्यात उतरत जातं. ६,५०० च्या वर असताना उलटं घडतं: चढाने फेरे ओढले की टॉर्क थोडा वाढतो आणि इंजिन स्वतःला सावरून धरतं. दुसऱ्या गिअरने शिरलो असतो तर याच सावरणाऱ्या बाजूच्या जवळ राहिलो असतो, आणि रिडक्शनमुळे चाकाला जोर मिळाला असता तो वेगळाच.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण कमी आरपीएम म्हणजे पापच असं समजणारेही आपल्यात आहेत. सपाटीवर सहाव्यात ३,००० ला, थ्रॉटल जेमतेम उघडा ठेवून गाडी मजेत चालते, कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते कमी फेरे आणि भरपूर उघडा थ्रॉटल एकत्र आले की. म्हणून आता माझी चाचणी एकच: मनगट किंचित पिळायचं. गाडीने लगेच उत्तर दिलं तर गिअर बरोबर. आधी कण्हली आणि मग हलली तर एक खाली.

चौथा आठवडा पावसात गेला. एक गिअर वरचा ठेवला की थ्रॉटलचा झटका मऊ लागतो, एवढंच शिकलो.

पाचव्या आठवड्यात डाउनशिफ्टचं, म्हणजे खालचा गिअर टाकण्याचं, कोडं सुटलं. क्लच दाबलेला असताना थ्रॉटलची छोटी उचकी देऊन फेरे जुळवायचे हे माहीत होतंच, पण मी प्रत्येक वेळी सारखीच उचकी द्यायचो. वरचेच आकडे पाहा: ताशी ६० ला सहाव्यातून पाचव्यात ७०० चा फरक, चौथ्यातून तिसऱ्यात १,६०० चा. दुसऱ्यातून पहिल्यात तर फेरे जवळपास दीडपट होतात. म्हणून पाचवा लोण्यासारखा बसायचा आणि तिसरा टाकला की मागचं चाक उडी मारायचं. आता खालच्या गिअरला उचकी मोठी, आणि पहिला तर गाडी थांबायला आल्याशिवाय टाकतच नाही.

उतारावरही आता बिनधास्त तिसरा धरतो. आवाज मोठा म्हणजे पेट्रोल जास्त जळतं हा समज बहुतांशी चुकीचा आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत थ्रॉटल पूर्ण बंद असताना फेरे चढे असले की इंधन सहसा तोडलेलंच असतं. फक्त इंजिन ब्रेकिंगने (थ्रॉटल सोडून इंजिनानेच वेग कमी केला की) मागचा लाल दिवा लागत नाही, तेव्हा मागून कुणी येत असेल तर ब्रेक लिव्हर हलकेच टेकवायची.

आता डोकावण्याचा हिशोब. पहिल्यांदा ४,००० चा अंदाज होता, काटा ४,६०० वर. काल ५,५०० म्हटलं, निघाले ५,४००.

अडलेलं एकच. ताशी ९० च्या पुढे हेल्मेटमधला वारा इंजिनाचा आवाज गिळून टाकतो आणि ठोकेही एकसलग झालेले असतात, त्यामुळे पाचव्यात आहे की सहाव्यात ते कळत नाही. डावा पाय अजूनही नसलेला सातवा गिअर शोधत लिव्हर उचलतो. काल एका फेरीत चार वेळा उचलली.